वहिनीचा दोर

आमच्या दोरखान्यात माणसं मागे चालतात. नव्याने आलेल्याला ते पाहून हसू येतं, आणि स्वतः चालायची पाळी आली की ते हसू आपोआप मावळतं. कमरेला विंचरलेल्या तागाचा जुडगा गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, आणि चाक फिरायला लागलं की तोंड चाकाकडेच ठेवून, दोन्ही हातांनी ताग सोडत सोडत मागे जायचं. शेड इतकी लांब की पलीकडची भिंत सकाळी नीट दिसतसुद्धा नाही. छपराच्या फटींतून ऊन उतरतं, त्यात तागाचे बारीक तंतू तरंगत असतात, आणि त्या तरंगत्या उजेडात चालणारा माणूस हळूहळू लहान होत जातो. मी एकेचाळीस वर्षं चाकावर आहे. गावातली निम्मी माणसं मी अशी लहान होत जाताना पाहिली आहेत.

गावात कोणी गेलं की त्याच्या नावाने एक दोर वळायचा, ही आमच्याकडची रीत. त्या आठवड्यातली एक सकाळ सगळं काम बंद ठेवायचं. गेलेल्याच्या सगळ्यांत जवळचं माणूस कमरेला ताग बांधतं आणि मागे चालत त्याच्याबद्दल बोलतं. काय वाटेल ते बोलावं. माया, भांडणं, त्याचं घोरणं, काहीही. बोलणं थांबलं की हातही अडखळतात, म्हणून थांबायचं नाही. चाकावरच्या माणसाला पहिली काही वाक्यं ऐकू येतात, मग नुसता आवाज, मग तोही नाही. फक्त ओठ हलताना दिसतात आणि हातातून दोर येत राहतो. असे दोर विकत नाहीत. ते धक्क्यावर जातात आणि गावातल्या नावा त्यांनी बांधतात. त्यामुळे आमचे नावाडी अगदी सहज म्हणतात, "सुताराची आई झिजली बरं का, बदलायला हवी," किंवा, "आज वारा फार आहे, नाव मास्तरांना बांध, ते सोडायचे नाहीत." बाहेरच्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. आम्हाला त्यात काही वाटत नाही.

ही रीत बंद केली माझ्या सख्ख्या भावाने. घरात त्याला आम्ही धाकटा म्हणतो. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी एकवीसचा. वडील त्याआधीच गेले होते आणि माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. त्याला वाढवलं ते आमच्या हिने. स्वतः जेमतेम एकोणीस वर्षांची, पण नात्याचा मान म्हणून त्या शेंबड्या पोराला ती 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायची. "भाऊजी, नाक पुसा. भाऊजी, पाढे म्हणा." ती विंचरणीच्या खोलीत ताग विंचरायची आणि तो शेजारी गठ्ठ्यावर बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, परदेशातल्या हवामानासकट. शिकायला बाहेर गेला, शिकून परत आला, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या कामगार सोसायटीचा चेअरमन म्हणून निवडून आला.

खरं सांगायचं तर कामाचा माणूस. त्याने शेडला पंखे बसवले, विंचरणीत मास्क सक्तीचे केले, खोकणारी माणसं तपासायला डॉक्टर आणले. लोक खूष होते. मीही होतो, फक्त दाखवत नव्हतो, कारण धाकट्याची स्तुती केली की तो दोन दिवस ताठ चालतो. आमच्या हिच्यासाठी मात्र ते मास्क उशिरा आले. तिच्या छातीत तीस वर्षांचा ताग आधीच जाऊन बसला होता.

मग एके सकाळी फळ्यावर परिपत्रक लागलं. मृत व्यक्तींच्या नावे दोर वळण्याची प्रथा आजपासून बंद. कारण एक, उत्पादनाचा खोळंबा. कारण दोन, अशा दोरांची ताकद तपासलेली नसते, त्यामुळे धक्क्यावर धोका. खाली धाकट्याची सही, नेहमीसारखी शेवटी शेपटी ओढलेली. मी तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा आणखी आला, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला तरी मजकूर तोच होता.

नवव्या दिवशी काटेवाल्याचे वडील गेले. काटेवाला म्हणजे आमच्याकडे मालाचं वजन करणारा, तोंडातून शब्द काढायला जड असा माणूस. तो चेअरमनच्या खोलीत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. धाकट्याने त्याला जवळ बसवलं, पाणी दिलं, हवी तितकी रजा दिली, आणि दोराला नाही म्हटलं. काटेवाला चाकापाशी येऊन थोडा वेळ नुसता उभा राहिला. "काय रे?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि परत काट्यावर जाऊन बसला.

गावात आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर आणखी दोन माणसं गेली आणि त्यांची माणसंही अशीच येऊन चाकापाशी उभी राहून गेली. न बोललेलं बोलणं गावभर साचत चाललं होतं. माणसं रस्त्याच्या मध्येच थबकायची, काय सांगायचं होतं ते विसरल्यासारखी. दुकानात जाऊन काय घ्यायला आलो ते आठवेना म्हणून परत फिरायची. दुपारी शेडमध्ये पंख्यांचा आवाज ऐकत मी चाक फिरवायचो आणि मला वाटायचं, आपण सगळे एका लांब झोपेत आहोत आणि कोणीतरी जागं करायला हवं. ते कोणीतरी मी नव्हतो हेही मला माहीत होतं.

त्याच सुमारास डॉक्टरने हिच्याबद्दल मला बाजूला घेऊन सांगितलं. महिना, फार तर दोन. घरी आलो तर ही खिडकीपाशी उशांना टेकून बसलेली. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "कळलं. आता चेहरा सरळ करा, चहा ठेवा." चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाली, "अहो, माझ्या दोराचं काय?"

तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या दोरांचा ताग विंचरून दिला होता. कोणाच्या दोरासाठी ताग हवा असला की ती जुडगे उलटसुलट करून सगळ्यांत मऊ, लांब धाग्यांचा निवडायची. "बोलताना हाताला टोचायला नको," म्हणायची. आणि तिलाच दोर नाही.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्याच्या खोलीत गेलो. दार न वाजवता गेलो, तेवढा हक्क मोठ्या भावाला असतो.

"वहिनीचा दोर निघणार," मी म्हटलं. "तुला काय करायचं ते कर."

त्याने पेन खाली ठेवलं. "दादा, काटेवाल्याला मी नाही म्हटलं. बाकी दोघांना नाही म्हटलं. आता माझ्या घरातलं माणूस आहे म्हणून हो म्हणू?"

"म्हण."

"मग उद्यापासून या खुर्चीवर बसून मी कोणाला काय तोंड दाखवू?"

"तोंडाचं काय घेऊन बसलास! तिने तुला वाढवलं रे."

"म्हणूनच," तो म्हणाला. "तिनेच मला शिकवलं, की ताटात आधी दुसऱ्याला वाढायचं."

त्याचं बरोबर होतं. त्यामुळे माझं डोकं आणखी फिरलं. समोरचा चुकत असेल तर भांडताना मजा तरी येते. मी टेबलावर हात आपटला, त्याचे कागद उडाले, आणि आम्ही दोघं खाली वाकून ते गोळा करत बसलो. शेवटचा कागद देताना मला दिसलं की त्याचे डोळे भरून आलेत. मी बाहेर आलो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. मग तिने विचारलं, "त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय?"

"प्रथा बंद."

"नेमकं विचारतेय. वाचलाय ना तीनदा?"

"मृत व्यक्तींच्या नावे दोर वळण्याची प्रथा आजपासून..."

"मी मेलेय का?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"नाही ना? मग सुट्टीच्या दिवशी सकाळी काढा माझा दोर. काम बंद नाही, मृत व्यक्ती नाही. तपासायचा तर खुशाल तपासा."

संध्याकाळी तिने धाकट्याला आणि मुकादमाला घरी बोलावलं. मुकादम म्हणजे रीतीभातीचं चालतंबोलतं पुस्तक. तो ऐकून हादरलाच. "वहिनी, असं कधी झालं नाही. ज्याचा दोर त्याने ऐकायचं नसतं."

"ऐकायचं नसतं की ऐकता येत नसतं?" ती म्हणाली. "मेलेला माणूस काय कपाळ ऐकणार, मुकादम? बंदी कोणी घातली होती?"

मुकादमाने डोकं खाजवलं. बंदी घातल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं. धाकटा दाराला टेकून उभा होता. नियम त्याचा, पळवाट तिची. त्याला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

"आणि भाऊजी," ती म्हणाली, "चालायचं तुम्ही."

"मी?" तो दचकलाच. "दादा चालेल की."

"हे चाकावर लागतात. आणि यांचं बोलणं मी रोज ऐकते, नवीन काही नसतं."

सगळे हसले. मीही हसलो. मला ते लागलं, पण तेव्हा बोलून दाखवायची वेळ नव्हती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही तिला खुर्चीत बसवून शेडच्या पलीकडच्या टोकाला नेलं. अंगावर शाल, पायाखाली रिकामं पोतं. कोणाला बोलावलं नव्हतं, तरी अख्खा दोरखाना येऊन भिंतींना लागून उभा राहिला. काटेवालाही होता, सगळ्यांच्या मागे. पंखे बंद होते. इतकी शांतता होती की तंतू खाली बसताना ऐकू येतील असं वाटत होतं. धाकट्याने बूट काढले, कमरेला ताग गुंडाळला आणि टोक माझ्या आकड्यात अडकवलं. मी चाक फिरवलं.

चार पावलं तो हातातल्या तागाकडेच बघत गेला. मग म्हणाला, "वहिनी, तू मला दादाच्या शर्टाचा शर्ट शिवला होतास आणि खिसा उजवीकडे लावला होतास. मी शाळेत सांगितलं, शहरात हल्ली असेच असतात." भिंतीपाशी कोणीतरी हसलं. त्याचे हात सैल झाले, ताग सरसर सुटायला लागला. तो तिच्याकडे पाठ करून चालला होता, तोंड माझ्याकडे, आणि बोलत होता तिच्याशी. त्याने तापातल्या रात्री सांगितल्या, तिने लपवून ठेवलेली साखर सांगितली, वर्तमानपत्रातलं परदेशातलं हवामान सांगितलं. निवडून आला त्या दिवशी ती त्याच्या कानात म्हणाली होती, "मी तुम्हाला मत दिलेलं नाही, आता जेवायला वेळेवर येणार नाही तुम्ही." हे मलाही माहीत नव्हतं. तो उन्हाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात जात होता. उजेडात यायचा, पुसला जायचा, पुन्हा यायचा, आणि प्रत्येक वेळी थोडा लहान. मला वाटायला लागलं की हा असाच चालत चालत नऊ वर्षांचा होणार.

शेडच्या मध्यावर तो थांबला.

हात थांबले, तोंड थांबलं. चाक हळू करण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं; फार फिरवलं तर पीळ चढून दोर तुटणार, थांबवलं तर सैल पडणार. हिचा दोर आता जातो, मला वाटलं.

मग तो ओरडूनच बोलला. मध्यावरून चाकापर्यंत ऐकू येत नाही, पण ते सगळ्यांनी ऐकलं. "वहिनी, आईचा दोर मी वळला होता. इथपर्यंत आलो आणि पुढे काही आठवेना. आई कायम आजारी. मला तिचं दार बंद असलेलं तेवढं आठवत होतं, ते काय बोलायचं? मी गप्प चालत राहिलो. दोर मधे बारीक झाला आणि पहिल्याच वाऱ्यात तुटला. नाव वाहून गेली. लोक म्हणाले, लहान आहे, जाऊ दे. तेव्हापासून कोणाचाही दोर निघाला की मी घरात तोंड लपवून बसतो. म्हणून ते परिपत्रक काढलं. उत्पादन, धोका, सगळं नंतर सुचलं."

मला तो वारा आठवला. तेव्हाही चाकावर मीच होतो. दोर बारीक होतोय हे मला हाताला कळलं होतं आणि मी बोललो नव्हतो. घरी आल्यावरही बोललो नव्हतो. चाळीस वर्षं मी समजत होतो की पोर विसरलं.

रीतीप्रमाणे पलीकडून उत्तर यायचं नसतं. पण ही बोलली. आवाज अगदी बारीक; भिंतीपाशी उभ्या माणसांनी तो तोंडातोंडी माझ्यापर्यंत पोचवला.

"दार बंद होतं, हेच बोलायचं होतं भाऊजी. तेवढ्यानेही दोर झाला असता." खोकून, पुन्हा, "आता चला. मला फार वेळ बसवत नाही."

तो चालायला लागला. पुढचं मला ऐकू आलं नाही. फक्त दिसलं की तो अगदी लहान झाला आणि मग त्याच्या पाठीवर तिचा हात टेकला.

माणसं डोळे पुसत पुढे सरकली, मीही चाक सोडून टोकाला गेलो. तेवढ्यात काटेवाला वाट काढत मधोमध आला. "वहिनी, तुमचं झालं, फार चांगलं झालं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "पण माझ्या बापाने मरायची घाई केली. त्याला ही युक्ती कुठून सुचणार?"

आमची हुशारी आमच्याच तोंडावर येऊन आदळली होती. हिने मान खाली घातली. धाकट्याने उरलेला ताग कमरेचा सोडला, काटेवाल्यापाशी गेला, आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला गुंडाळायला लागला.

"साहेब, आणि तो कागद?" काटेवाल्याने विचारलं.

"तो चुकीचा होता," धाकटा म्हणाला. "मी काढला, मीच फाडतो."

त्या सकाळी आणखी तीन दोर निघाले. काटेवाला पाऊण शेड रडत चालला आणि उरलेल्या पावशेडीत बापाला मनसोक्त शिव्या घातल्या. ही शेवटपर्यंत टोकाला बसून राहिली, चौघांनी उचलू म्हटलं तरी उठली नाही. प्रत्येकाची पाठ जवळ आली की ती हात लावायची. मी चाक फिरवत होतो आणि माझे हात दुखत आहेत हे मला घरी गेल्यावर कळलं.

डॉक्टरांना खोटं पाडून ती साडेतीन महिने जगली. एकदा धक्क्यावर जाऊन स्वतःला बांधलेली नाव बघून आली आणि आल्यावर म्हणाली, "गाठ बरोबर नाही मारलेली." मग एका दुपारी, मी कुशीवर वळवत असताना, गेली.

गावातली माणसं येऊन बसली, उठली, निघून गेली. मला कोणी काही करायला सांगेना. करायचं होतं काय? एका माणसाला एकच दोर, आणि हिचा तर कधीच निघाला होता. चार दिवस मी खिडकीपाशी बसून काढले. पाचव्या दिवशी सकाळी, हाताला सवय म्हणून, दोरखान्यात गेलो. शेड रिकामी होती. चाकावर धाकटा उभा होता, बाह्या दुमडून.

"हो बाजूला," मी म्हटलं. "तुझं काम नाही ते."

त्याने तागाचा एक जुडगा माझ्यापुढे धरला. मऊ, लांब धाग्यांचा. निवडायला त्याला बराच वेळ लागला असणार.

"तिचा दोर निघालाय," मी म्हटलं.

"तिचा निघालाय, दादा. तुझं बोलणं राहिलंय."

मी त्याला झापणार होतो, रीत समजावून सांगणार होतो. त्याऐवजी मी ताग कमरेला गुंडाळला. गाठ मारता येईना, ती त्याने मारली. मी आयुष्यात कोणासाठी चाललो नव्हतो, आईसाठीसुद्धा नाही. नेहमी चाकच माझ्या वाट्याला आलं होतं. चाक फिरायला लागलं. मी एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं, आणि म्हटलं, "रोज ऐकतेस म्हणालीस चारचौघांत. मला ते लागलं होतं." धाकटा हळूहळू लहान व्हायला लागला. मी भांडत होतो, मग भांडण संपलं आणि मी सांगायला लागलो. पहिल्या दिवशी ती घरात आली तेव्हा मला तिच्याकडे बघायची हिंमत झाली नव्हती इथपासून. ऊन आलं, गेलं, पुन्हा आलं. हात आपोआप चालत होते. पाठ भिंतीला लागली. मी तिथेच उभा राहून बोलत राहिलो.